प्रेमाने माणूस बदलतो का?

झाशीच्या जुन्या शहराभोवती तट होता. त्याच्या दरवाजांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ओरछा गेट, दतिया गेट, सागर गेट, लक्ष्मी गेट आणि त्यांच्यातच एक खंडेराव गेट. बुंदेलखंडातल्या शहरात ‘खंडेराव’ हे नाव ऐकले की मराठी माणसाचे कान टवकारतात. हे शहर एकेकाळी मराठी सुभेदारांचे होते, याची आठवण त्या एका नावाने होते.

याच तटाच्या आत १८४२ मध्ये एक लग्न झाले. वर होते झाशीचे गंगाधरराव. त्यांची पहिली पत्नी वारली होती आणि वधूपेक्षा ते वयाने पुष्कळ मोठे होते. वधू होती मोरोपंत तांब्यांची मनू. लग्नानंतर ती लक्ष्मीबाई झाली. पुढचा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण लग्नाच्या दिवसापासून गंगाधररावांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २१ नोव्हेंबर १८५३ पर्यंत, या पतीपत्नींचा संसार कसा चालला होता? त्या ११ वर्षांत मनूचा स्वभाव कसा घडला, काय दबले, काय टिकले? कथा, कादंबऱ्या आणि चित्रपटांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. जाचक नात्यात माणूस हळूहळू कसा बदलतो, हे दाखवणे लेखकांना फार अवघड जाते. म्हणून बरेच जण तो भाग गाळून पुढे जातात.

कुलूप आणि तलवार

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. भटजी झाशीत पोहोचले तेव्हा गंगाधररावांना जाऊन काही वर्षे झाली होती. त्यामुळे राजाच्या संसाराची हकिगत त्यांनी गावात ऐकून लिहिली आहे. त्या हकिगतीतले गंगाधरराव नाटकाचे शौकीन, पण कडक आणि संशयी आहेत. राणीला ते बंदोबस्तात ठेवत, वाड्याबाहेर पडू देत नसत, दारावर पहारा असे, असे भटजी सांगतात. तीच लक्ष्मीबाई वैधव्यानंतर पहाटे उठून व्यायाम करते, घोड्यावर रपेट करते, दरबारात बसून न्यायनिवाडा करते, हेही भटजींनीच लिहून ठेवले आहे.

म्हणजे एका बाजूला कुलूप आणि दुसऱ्या बाजूला तलवार. मधला प्रवास कोणी सांगायचा?

वृंदावनलाल वर्मा हे झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचे. त्यांनी झाशीत वकिली केली आणि १९४६ मध्ये राणीवरची त्यांची गाजलेली हिंदी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांची मनू लग्नाच्या वेदीवरच पुरोहिताला सांगते की, गाठ अशी पक्की बांधा की ती सुटता कामा नये. जमलेले लोक चकित होतात. पुढे वाड्यातल्या दासींना ती मैत्रिणी बनवते, त्यांना घोड्यावर बसायला आणि शस्त्र धरायला शिकवते. राजा तापट आहे, नाटकशाळेत रमणारा आहे. पण मनू पहिल्या दिवशी जशी होती तशीच शेवटपर्यंत राहते. तिला फक्त संधी मिळायची असते.

२०१९ च्या ‘मणिकर्णिका’ चित्रपटाने तर प्रश्नच मिटवला. त्यातले गंगाधरराव कलावंत मनाचे, समजूतदार, पत्नीचे कौतुक करणारे आहेत. कुलूप दिसतच नाही.

गंगाधररावांना आजच्या मापाने मोजून दोषी ठरवणे बरोबर होणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या राजघराण्यांत स्त्रियांवर पहारे असणे ही नवलाची गोष्ट नव्हती आणि भटजींची माहितीही ऐकीव आहे. प्रश्न राजाचा नसून गोष्ट सांगणाऱ्यांचा आहे. एकाने नायिकेला आधीपासूनच अभेद्य केले, दुसऱ्याने नवऱ्याला सज्जन केले. ११ वर्षांच्या बंदोबस्तात एका तरुण मुलीच्या मनाचे काय झाले असेल, हे दोघांनीही दाखवले नाही.

दोन सोपे साचे

अशा नात्याची गोष्ट सांगताना लोकप्रिय कथा, मालिका आणि चित्रपट सहसा दोन साच्यांचा आधार घेतात.

पहिला साचा असा की, पुरुष रागीट, संशयी किंवा व्यसनी असतो. नायिका सोसते, रडते, उपास करते आणि शेवटी तिच्या प्रेमाने त्याचे हृदय परिवर्तन होते. २०१९ च्या ‘कबीर सिंग’ चित्रपटात नायक प्रेयसीवर हात उचलतो, तिच्यावर मालकी गाजवतो. तिच्याविना तो स्वतःची धूळधाण करून घेतो आणि हेच त्याच्या प्रेमाचे प्रमाण ठरते. शेवटी ती त्याला मिळते. चित्रपट तुफान चालला आणि त्यावर वादही झाले. नायक कशामुळे आणि किती बदलला, हे मात्र प्रेक्षकांनी आपापल्या मनाने ठरवायचे होते.

दुसरा साचा याच्या उलट आहे. वर्षानुवर्षे मुकाट सोसणारी स्त्री एका रात्रीत दुर्गा होते. पदर खोचते, घणाघाती संवाद म्हणते आणि टाळ्या पडतात. प्रेक्षकांना बरे वाटते. पण ज्या घरात खरोखर जाच चालू असतो, तिथली स्त्री हे पाहून मनात म्हणते, ‘मला का नाही जमत? माझ्यातच काहीतरी कमी असेल.’

दोन्ही साच्यांत बदल एका फटक्यात होतो. खऱ्या आयुष्यात तो असा होत नाही. तो पाण्याने दगड झिजावा तसा होतो आणि बहुतेक वेळा बदलतो तो सोसणारा.

सिंधू काय शिकली?

मराठी रंगभूमीने हे सत्य फार लवकर ओळखले होते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगमंचावर आले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. दारूबंदीचा प्रचार करणारे नाटक म्हणून ते प्रसिद्ध झाले, पण पतीपत्नीच्या नात्याकडे पाहिले तर त्यात आणखी बरेच सापडते.

सुधाकर हुशार वकील आहे. अपमान त्याला सहन होत नाही. सनद काही काळ रद्द होते, तळीरामासारखा सोबती भेटतो आणि पहिला प्याला हातात येतो. सिंधू माहेरची मदत नाकारते. दळण दळून संसार चालवते. पहिल्या साच्याप्रमाणे तिच्या त्यागाने सुधाकर सुधारायला हवा होता. एकदा तो दारू सोडतोही. पण नोकरीसाठी दारोदार हिंडताना अपमान वाट्याला येतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पश्चात्ताप खरा असतो, निश्चयही खरा असतो. तरीही तो टिकत नाही. गडकऱ्यांनी इथे प्रेक्षकांना खोटा दिलासा दिला नाही.

आणि सिंधू? ती आदर्श पतिव्रता म्हणून लोकांच्या मनात बसली. तिच्यासाठी प्रेक्षक रडले. पण तिच्यातला बदल बारकाईने पाहिला तर अंगावर काटा येतो. सुधाकरच्या हातून बाळ जाते, ती स्वतः मरणाच्या दारात असते आणि चौकशीला आलेल्या फौजदाराला सांगते की, आपण पडलो म्हणून लागले. आयुष्यभर खरे बोललेली बाई शेवटचा श्वास घेताना खोटे बोलते. त्या काळी याकडे त्यागाचा कळस म्हणून पाहिले गेले. आज रुग्णालयातल्या परिचारिकेला ‘बाथरूममध्ये घसरले’, ‘दारावर आपटले’ हे शब्द ऐकून वेगळीच शंका येते.

गंमत अशी की, याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला तोंडावर खडसावते, कपाळाला हात लावून बसत नाही. प्रेक्षक तिला हसले आणि सिंधूसाठी रडले. कोणत्या स्त्रीची पूजा करायची आणि कोणत्या स्त्रीची थट्टा, हे अशा हसण्या-रडण्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते.

ज्योतीचा शांत स्वर

या विषयावरचे सर्वांत धारदार मराठी नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’. ते १९८३ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९९३ चा सरस्वती सन्मान त्यासाठी तेंडुलकरांना मिळाला. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार. पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्ती. घरात सगळ्या विषयांवर मोकळी चर्चा होते. मुलगी ज्योती एका दलित कवीशी, अरुण आठवलेशी, लग्न करायचे ठरवते. आईला आणि भावाला शंका येते, पण वडिलांना आनंद होतो. आपल्या घरातली जात मोडली, असे त्यांना वाटते.

या नाटकावर दलितांचे चित्रण अन्यायकारक असल्याची कठोर टीका झाली. ती बाजूला सारता येत नाही. बायकोवर हात उचलणारे पुरुष सगळ्या जातींत आणि सगळ्या थरांत असतात. सिंधूचा सुधाकर तर पांढरपेशा वकील होता. मात्र ज्योतीत होणारा बदल तेंडुलकरांनी ज्या पायऱ्यांनी दाखवला आहे, तो वाचण्यासारखा आहे.

सुरुवातीची ज्योती स्वतंत्र आहे, निर्णय घेणारी आहे. लग्नानंतर ती माहेरी येते ती परत न जाण्याचे ठरवून. तेवढ्यात अरुण येतो. तो रडतो, ज्या हातांनी मारले ते तोडून टाकतो म्हणतो. ती त्याच्याबरोबर परत जाते आणि वडिलांना समाधान वाटते. मग पुन्हा मारहाण, तीही गरोदरपणात. इकडे अरुणच्या आत्मचरित्राचा गाजावाजा होतो आणि नाथांना त्याचे जाहीर कौतुक करावे लागते.

शेवटी ज्योती वडिलांसमोर उभी राहते. ती अरुणविरुद्ध बंड करायला आलेली नसते. वडिलांचे भाषण खोटे होते, हे ती त्यांना सुनावते. माणसाला टाकायचे नसते, त्याला बदलायचे असते, हे तुम्हीच शिकवले, आता त्या शिकवणीने माझी परतीची वाट बंद केली, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. आपण आता देवळालीकर नाही, आठवले आहोत, असे सांगून ती निघून जाते.

या प्रसंगात आरडाओरडा नाही. ज्योती शांत आहे आणि तीच भीतीची गोष्ट आहे. तिने जाचाला तत्त्वज्ञानाचे रूप दिले आहे. ‘मी सोसते’ याऐवजी ‘मी हे निवडले’ असे ती म्हणू लागली आहे. असे बोलणाऱ्या माणसाला बाहेर काढणे सर्वांत कठीण असते. आणि तिला तिथवर ढकलण्यात घरच्या भल्या माणसांचाही हात असतो. नाथ दुष्ट नाहीत. त्यांना मुलीपेक्षा आपले तत्त्व हरू द्यायचे नव्हते. कितीतरी घरांत तत्त्वाच्या जागी अब्रू असते, धाकट्या बहिणीचे लग्न असते, ‘लोक काय म्हणतील’ असते. मुलगी माहेरी येते आणि दोन दिवसांनी तिला समजूत घालून परत पाठवले जाते.

मारणे, रडणे, क्षमा मागणे, काही दिवस लाडाने वागणे आणि पुन्हा मारणे, या चक्राचे वर्णन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये आपल्या पुस्तकात केले. सगळीकडे ते अगदी तसेच फिरते असे नाही. पण ज्यांनी ‘कन्यादान’ पाहिले आहे, त्यांना हे चक्र रंगमंचावर भेटलेले असते.

बदलाची सुरुवात कुठे होते?

मारहाण फार पुढची पायरी झाली. चांगली कथा त्याच्या आधीच्या पायऱ्याही दाखवते. लंडनमध्ये १९३८ मध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक आले. पुढे १९४४ च्या चित्रपटातील भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळाले. त्यातला नवरा बायकोला मारत नाही. तो वस्तू लपवतो आणि तूच हरवल्यास म्हणतो. दिवा मंद झालेला तिला दिसतो, तो म्हणतो की तुला भास होतात. हळूहळू तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. एखाद्याला स्वतःच्या बुद्धीवर शंका घ्यायला लावण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत त्या नाटकावरूनच नाव पडले.

मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ मध्ये आला. स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा एका जाचातून सुटण्यासाठी दुसऱ्या पुरुषाचा आधार घेते. तो सधन आहे, घर मोठे आहे, वागणे सभ्य आहे. पण त्या घराचा उंबरठा ओलांडायला तिला परवानगी नाही. सुटण्यासाठी तिला शेवटी ज्या नवऱ्याला सोडले, त्यालाच बोलवावे लागते. झाशीच्या वाड्यातले कुलूप इथे पुन्हा भेटते. फरक एवढाच की, इथे दिग्दर्शकाने कॅमेरा कुलपाच्या आतल्या बाजूला ठेवला आहे.

२०२० च्या ‘थप्पड’ चित्रपटात तर एकच थप्पड आहे. नायिका अमृता लगेच घर सोडत नाही. ती सकाळी उठते, नेहमीची कामे करते, गप्प असते. त्या एका थपडेने तिला आधीची कितीतरी वर्षे दिसू लागतात. कोणी स्वप्न सोडले, कोणाच्या नोकरीसाठी कोणाचे घर हलणार होते. हा बदल हळू आहे आणि म्हणूनच खरा वाटतो.

मग पुरुष बदलतच नाही का?

असे म्हणणेही अन्यायाचे होईल. माणसे बदलतात. पण कथांमध्ये दाखवतात तसे बायकोच्या अश्रूंनी बदलत नाहीत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे व्यसनाकडे आजार म्हणून पाहिले जाते. उपचार, समुपदेशन, गटात बोलणे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा, अशा लांब वाटेने माणूस सावरतो. रुग्णांच्या पत्नींसाठीही तिथे ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. सिंधूला असा गट मिळाला असता तर तिला कोणीतरी सांगितले असते की, नवऱ्याचे व्यसन ही तिच्या प्रेमाची परीक्षा नाही.

व्यसन आणि मारहाण यांतही फरक केला पाहिजे. दारू सुटली म्हणजे हात उचलणे आपोआप सुटेलच, असे नाही. ज्याला खरेच बदलायचे आहे, तो आपल्या वागण्याची जबाबदारी घेतो, मदत मागतो आणि पत्नी दूर राहिली तरी तिच्यावर दबाव आणत नाही. ‘तू परत आलीस तरच सुधारेन’ असे म्हणणारा बदललेला नसतो. तो अट घालत असतो.

मुलांबरोबर कथा पाहताना

वयात आलेली मुले-मुली प्रेमाच्या कल्पना बऱ्याच अंशी कथांतूनच उचलतात. कादंबऱ्या किंवा चित्रपट बंद करून काही साधणार नाही. त्यापेक्षा आईवडिलांनी एखादी मालिका किंवा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा आणि नंतर सहज चार प्रश्न विचारावेत. सुरुवातीला ही मुलगी कोणाशी बोलायची, आता कोणाशी बोलते? तिचे छंद, मैत्रिणी, नोकरी यांतले काय उरले? ती स्वतःचे मत सांगताना आधी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहते? नायक बदलला तो वागण्यात की फक्त शेवटच्या संवादात?

हेच प्रश्न मुलग्यांनाही विचारायला हवेत. जाच पुरुषाच्या वाट्यालाही येऊ शकतो. शिवाय मालकी म्हणजे प्रेम नव्हे, हे मुलग्याला घरातच कळले, तर पुढे एका मुलीचे आयुष्य सुखाचे होईल.

आणि हे प्रश्न विचारताना उत्तरे आपल्याच घरातल्या कोणाला लागू पडत आहेत असे वाटले, तर ते टाळू नयेत. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात केवळ मारहाण नाही, तर शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची कोंडी करणे हाही हिंसाचार मानला आहे. लग्न न करता एका घरात पतीपत्नीप्रमाणे राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण आहे. मदतीसाठी १८१ हा महिलांचा दूरध्वनी क्रमांक आहे. माहेरी आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी उपदेश करू नये. जेवू घालावे, झोपू द्यावे आणि ती बोलेल तेव्हा मध्ये न तोडता ऐकावे. ‘आता तो सुधारला असेल’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारण्यापूर्वी ‘कन्यादान’मधले नाथ देवळालीकर आठवावेत.

झाशीच्या वाड्यातल्या त्या ११ वर्षांबद्दल लक्ष्मीबाईंनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांची हकिगत भटजींनी सांगितली, कादंबरीकाराने सांगितली, चित्रपटवाल्यांनी सांगितली. आज आपल्या घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या मुलीची गोष्ट मात्र तिच्याच तोंडून ऐकता येते. त्यासाठी तिला कोणीतरी विचारायला हवे आणि विचारून गप्प बसायला हवे.